पहिल्या पानावरचं बुजगावणं

बाहुलेकाका पोस्टाच्या रांगेत उभे राहिले की लोक त्यांच्या कोपराला पिशवी अडकवून निर्धास्तपणे फॉर्म भरायला जात. यात लोकांचा काही दोष नाही. काका हलतच नसत. पापणीसुद्धा अगदीच नाइलाज झाला तर. एकदा एक बाई त्यांच्या खांद्यावर ओली छत्री ठेवून गेली, आणि परत आल्यावर काकांनी "झालं का काम?" असं विचारताच किंचाळून थेट तिकीट-खिडकीला जाऊन धडकली.

हे सगळं धंद्यापायी. काका सव्वीस वर्षं बुजगावणी करत होते. नवं बुजगावणं गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी त्याच्या शेजारी आपण स्वतः दोन्ही हात आडवे करून तासभर उभं राहायचं, हा त्यांचा नियम. "त्याच्यासारखं उभं राहिल्याशिवाय त्याला काय जमेल ते कळत नाही," असं ते म्हणत. काकू वाळलेले कपडे काढायला अंगणात आल्या की दोघांनाही "सरका जरा" म्हणत, आणि टॉवेल मात्र हमखास नवऱ्याच्या हातावर टाकत. "हे जास्त सरळ धरतात," एवढंच त्यांचं कारण.

घरामागे पत्र्याची लांबलचक शेड होती. एका भिंतीला डोकी, दुसऱ्या भिंतीला धडं, मधे पेंढा. दारात मात्र 'क्रमांक एक' उभं असे. तपकिरी कोट, मिटलेले ओठ, आणि एक भुवई दुसरीपेक्षा बोटभर वर. हे काकांचं सगळ्यात गाजलेलं काम. इतर बुजगावण्यांना पाखरं चार दिवस भीत, क्रमांक एकला नऊ दिवस. ते उभं केलं की शेजारच्या शेतातले कावळेसुद्धा आवाज खाली आणून बोलत. हे कोणावरून केलं, असं विचारलं की काका घाईघाईने सुतळी शोधायला लागत.

कारण ते मोठ्या ताईवरून केलं होतं. कोटही तिचाच, जुना.

ताई काकांची थोरली बहीण. आयुष्यभर परीक्षांवर पर्यवेक्षक आणि परीक्षक म्हणून फिरलेली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण अजूनही ती खोलीत शिरली की बसलेली माणसं आपापले कागद झाकत. वडिलांनी शेड दोघांच्या नावावर केली होती, आणि ताईच्या डोळ्यांना ती आता खुपायला लागली होती. शेतांवर जाळ्या आल्या होत्या, धडाम आवाज करणारी यंत्रं आली होती. गेल्या वर्षी अकरा बुजगावणी खपली, त्यातली दोन एका नाटक कंपनीने नेली आणि प्रयोग पडला म्हणून परत आणली.

"अरे, कावळेसुद्धा तुझी वस्तू बघायला येईनासे झाले," ताई म्हणाली. "शेड गादीवाल्याला देऊन टाकू. त्याला माल ठेवायला जागा हवीय."

गादीवाला शेजारचाच. स्वभावाने गोड. रोज सकाळी टेप घेऊन यायचा, "चालू द्या काका तुमचं," म्हणत शेडची लांबी मोजायचा आणि आदल्या दिवसाइतकीच भरली की समाधानाने मान डोलवायचा.

"आपल्या इथे नसेल मागणी," काका म्हणाले, "पण जग केवढं मोठं आहे! पाखरं काय आपल्याच देशात आहेत? माझी वेबसाइट आहे, ताई."

वेबसाइट होती खरी. ताईच्याच मुलीने कॉलेजात असताना करून दिलेली. ताईने तिथल्या तिथे मुलीला फोन लावला आणि बाहेरच्या देशातून बुजगावणं शोधलं तर मामाचं नाव कितव्या पानावर येतं ते बघायला सांगितलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. त्रेचाळिसाव्या.

"त्रेचाळीस!" ताई म्हणाली. "एवढ्या पुरवण्या तर पहिल्या आलेल्या मुलीनेही कधी जोडल्या नव्हत्या."

मग तिने आखीव कागद मागवला आणि अट लिहून काढली, दोन प्रतींत. नव्वद दिवसांच्या आत काकांची वेबसाइट कुठल्याही एका परक्या देशात पहिल्या पानावर दिसली, तर शेड काकांकडे. नाही दिसली, तर गादीवाल्याकडे. खाली दोघांच्या सह्या. साक्षीदार म्हणून ताईचे यजमान, म्हणजे काकांचे दाजी.

दाजींबद्दल सांगायलाच हवं. या माणसाला आजवर कोणीही भ्यालेलं नव्हतं. भटकी कुत्री त्यांच्या पायावर झोपत. विम्याचे एजंट त्यांना बघून रस्ता ओलांडून येत. रोज दुपारी ते "सहज आलो" म्हणत शेडमध्ये येऊन बिस्किट खात बसत, आणि चिमण्या त्यांच्या गुडघ्यावर बसून चुरा टिपत. बुजगावण्यांच्या कारखान्यात, चारशे डोळे वटारलेले असताना! काका त्यांना हाकलत नसत, पण त्या चिमण्यांकडे पाहून त्यांना धंद्याचा अपमान झाल्यासारखं वाटे.

काका दुसऱ्याच दिवशी सल्लागारबाईंकडे गेले. वेबसाइटी वर आणून देणं हा बाईंचा व्यवसाय, आणि लाँड्रीच्या वरची खोली हे त्यांचं ऑफिस. जमिनीच्या फटींतून इस्त्रीची वाफ वर येई, त्यामुळे तिथले सगळे कागद कडेने वळलेले आणि सगळे अशील कडक इस्त्रीचे होऊन बाहेर पडत.

"काका, सोपं आहे," बाई म्हणाल्या. "शोधणाऱ्या यंत्राला प्रत्येक देशात एकच प्रश्न पडतो. इथल्या माणसाला हे पान उपयोगाचं आहे का? तुम्ही एकच पान साऱ्या जगाला दाखवताय. तसं नाही चालत. प्रत्येक देशासाठी वेगळं पान. त्यांची भाषा, त्यांची मापं, त्यांची पाखरं. आणि यंत्राला खूण करून सांगायचं, हे पान यांचं, ते पान त्यांचं."

काका विचारात पडले. विचारात पडले की त्यांचे हात आपोआप आडवे होत. टेबलावरचा दिवा बाईंनी सवयीने उचलून घेतला.

"म्हणजे यंत्राला असं वाटलं पाहिजे, की त्या देशात माझं कोणीतरी उभं आहे."

"अगदी बरोबर!"

"आणि असतं कोणीच नाही."

"तसं म्हणायचं तर... नाही," बाई म्हणाल्या.

काकांचे डोळे भरून आले. "बाई, मी सव्वीस वर्षं दुसरं काय करतोय?"

मग जे काम सुरू झालं त्याला तोड नव्हती. चार देश निवडले. एक थंड देश, एक द्राक्षांचा, एक बेटांचा, आणि एक नुसता गव्हाचा, सपाट. काकांनी चारही देशांसाठी वेगळी बुजगावणी घडवली. थंडीवाल्याला लोकरी टोपी, द्राक्षवाल्याला रुंद हॅट, बेटवाल्याला रेनकोट. गव्हाच्या देशातल्याला त्यांनी चष्मा लावला. का, असं काकूंनी विचारलं.

"एवढ्या सपाट देशात लांबचं बघायला लागत असणार."

फोटो काढताना दाजी पांढरी चादर धरून मागे उभे राहत, आणि चारपैकी तीन फोटोंत त्यांच्या डोक्यावर चिमणी आली. त्या पुसून काढाव्या लागल्या.

पानं तयार झाली, चढवली. त्रेचाळीसचं एकतीस झालं, एकतीसचं एकोणीस. सल्लागारबाई खूश झाल्या. नेमकं तेव्हाच त्यांच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. तीन आठवड्यांसाठी जाताना त्यांनी काकांना वेबसाइटच्या किल्ल्या दिल्या, म्हणजे पासवर्ड, आणि बजावलं, "चुकून काही बंद पडलं तरच वापरा. बाकी पानांना हात लावू नका. आता ती मुरायला हवीत. आहेत तिथे राहू द्या."

आहेत तिथे राहू द्या! बुजगावणेवाल्याला असं कोणी सांगतं?

बुजगावण्याचं सगळं शास्त्र एका गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट काकांच्या रक्तात होती. पहिले चार दिवस पाखरं भितात. पाचव्या दिवशी त्यांच्या लक्षात येतं की हा गृहस्थ काही जागचा हलत नाही. सहाव्या दिवशी त्याच्या टोपीत घरटं होतं. म्हणून चौथ्या दिवशी बुजगावणं उपटायचं आणि दहा पावलं पलीकडे रोवायचं. शेतकऱ्यांना काका हे सांगत नसत. आपण सहज चक्कर मारायला आलो असं दाखवत आणि गुपचूप जागा बदलून येत. "वस्तूत खोट आहे असं वाटायला नको," हे त्यांचं म्हणणं.

चार दिवस काका गप्प बसले. एकोणीस तिथेच राहिलं. पाचव्या दिवशी सकाळी चहा तसाच टाकून ते उठले.

"बसली," ते म्हणाले.

"काय बसलं?" काकूंनी विचारलं.

"पाखरं. यंत्राला कळलं की तिथे कोणी नाही."

आणि त्यांनी किल्ल्या काढल्या. थंड देशाचं पान उचललं आणि दुसऱ्या पत्त्यावर रोवलं. मग द्राक्षांचं. मग बेटांचं. गव्हाच्या देशाचं पान त्यांनी सपाटीमुळे जरा जास्तच लांब नेलं. ज्या पत्त्यावर आदल्या दिवशी पान होतं तिथे आता नुसती मोकळी जमीन. कोणी आलंच, तर "असं पान इथे नाही" एवढी पाटी.

दोन-तीन दिवसांत एकोणीसचं सत्तावीस झालं.

"बघितलंस? उशीर झाला हलवायला," काका काकूंना म्हणाले, आणि आता चारऐवजी तीन दिवसांनी हलवू लागले. सत्तावीसचं बावन्न झालं. मग दोन दिवसांनी. मग रोज. शेवटच्या आठवड्यात ते सकाळी, जेवणानंतर आणि चहाच्या वेळी अशी तीनदा पानं हलवत. दाजी शेजारी बसून वहीत कुठलं पान कुठे गेलं ते लिहीत, तेही त्यांना नीट जमत नसे. बेटांचं पान एक दिवस चक्क हरवलं. दोघांनी मिळून दुपारभर शोधलं.

काकू दारातून बघत होत्या. "इतकी फिरवाफिरव शेतात केली असती ना, तर पाखरांना घेरी आली असती."

सल्लागारबाई परतल्या त्या बॅग न उतरवताच शेडमध्ये आल्या. चेहरा पांढराफटक.

"काका, पानं कुठायत?"

"फिरतायत," काका अभिमानाने म्हणाले. "आत्ता कुठली कुठे आहेत ते दाजींना विचारा."

बाई पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसल्या. थोड्या वेळाने क्रमांक एककडे पाहून पुन्हा उठून उभ्या राहिल्या. मग अतिशय शांतपणे त्यांनी सांगितलं, की यंत्र म्हणजे कावळा नव्हे. त्याला भीती घालायची नसते, त्याच्याशी ओळख वाढवायची असते. ते आज येतं, पान पाहून जातं, पुन्हा येतं. पान तिथेच दिसलं तर त्याचा विश्वास बसतो. "आणि तुम्ही, काका, ते आलं रे आलं की घर उचलून पळालात. तीन आठवडे! आता आपण कुठल्याच देशात, कुठल्याच पानावर नाही."

बाहेर गादीवाल्याची टेप खुर्रकन आवाज करत मिटली.

काकांचे हात खाली आले. काकूंनी पुढे सांगितलं, की सव्वीस वर्षांत त्यांनी नवऱ्याचे दोन्ही हात एकाच वेळी असे खाली लोंबताना पाहिले नव्हते.

"ओळख झाली म्हणजे संपलंच की सगळं," ते म्हणाले. "आमच्यात ओळख झाली की बुजगावणं मेलं."

पंचवीस दिवस उरले होते. बाईंनी सगळी पानं मूळ जागी आणून बसवली, पण ती पूर्वीच्या अंकावर यायलाच महिने लागतील म्हणाल्या. एकच वाट होती. थंड देशात बुजगावणी विकणारे ढीगभर होते, त्या रांगेत घुसणं शक्य नव्हतं. पण तिथले लोक एक प्रश्न सारखा विचारत होते आणि एकही विक्रेता त्याचं उत्तर देत नव्हता.

"कोणता प्रश्न?"

"बुजगावण्यावर पाखरं का बसतात?"

दाजींनी बिस्किट खाली ठेवलं.

"नाही," काका म्हणाले. "मेलो तरी नाही. माझी शेड वाचवायला मीच जगाला सांगू, की माझी वस्तू पाचव्या दिवशी निकामी होते? बाई, हॉटेलवाला कधी दारावर पाटी लावतो का, की इथे परवाचं मिळेल म्हणून?"

"बरं," बाई म्हणाल्या. "मग गाद्या."

काका दोन दिवस अंगणात क्रमांक एकशेजारी हात आडवे करून उभे राहिले. तिसऱ्या दिवशी एक कावळा आला. आधी कुंपणावर बसला, मग तारेवर, मग बराच विचार करून काकांच्या उजव्या मनगटावर. काकांनी पापणी लवू दिली नाही. कावळ्याने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी कावळ्याकडे. मग काका उठून, म्हणजे उभे होतेच, चालत लाँड्रीवर गेले आणि म्हणाले, "लिहून घ्या."

त्या वाफेत येरझाऱ्या घालत त्यांनी सव्वीस वर्षांचं सगळं ओकून टाकलं. कुठल्या दिवशी पाखरं कुंपणावर येतात. कोणतं पाखरू आधी धीट होतं. टोपी बदलली तर किती तास मिळतात. बुजगावणं कसं हलवायचं, आणि आळस असेल तर मुळात घेऊच नका, पैसे वाया जातील. शेवटचं वाक्य त्यांनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं. "हे लिहिणारा स्वतः बुजगावणी विकतो." बाईंच्या ओळखीची एक शिक्षिका त्या थंड देशात वाढलेली होती, तिने सगळं तिथल्या बोलीत नीट उतरवून दिलं. पान चढलं आणि या वेळी पासवर्ड काकूंनी स्वतःकडे ठेवला. कुठे, ते आजपर्यंत कोणाला माहीत नाही.

नव्वदाव्या दिवशी ताई आली. हातात आखीव कागदाची तिची प्रत, मागे टेप घेऊन गादीवाला. सल्लागारबाईंनी त्या देशातून कसं दिसतं ते दाखवण्यासाठी कॉम्प्युटर उघडला, तर ताई म्हणाली, "उमेदवाराच्या बाकावरची वही मी तपासत नाही. मी बघते." तिची एक शाळेतली मैत्रीण लग्न होऊन थंड देशात स्थायिक झाली होती. तिला व्हिडिओ कॉल लावला.

मैत्रीण स्वयंपाकघरात होती. "अगं बाई, इतक्या वर्षांनी! काय शोधू म्हणतेस? बुजगावणं? बरी आहेस ना तू?"

तिने तिथल्या भाषेत 'बुजगावणं' शोधलं. पहिल्या पानावर काका नव्हते. गादीवाल्याने टेप उघडली.

"थांबा," सल्लागारबाई म्हणाल्या. "त्यांना हे शोधायला सांगा. बुजगावण्यावर पाखरं का बसतात."

मैत्रिणीने टाइप केलं, फोन कॉम्प्युटरकडे वळवला. पहिलं पान. वरून पहिली ओळ. शेजारी लोकरी टोपीतलं बुजगावणं.

"हा कसला पहिला नंबर?" ताई म्हणाली. "हे तर धंदा बुडवायचं पान आहे! माल का चालत नाही हे विचारलं की जगात पहिलं नाव माझ्या भावाचं!"

"हो," काका म्हणाले. लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं.

ताईने चष्मा लावला आणि आपलाच कागद पुन्हा वाचला. मग उलटून मागची बाजू पाहिली. तिथे काही नव्हतं. "कुठल्याही एका परक्या देशात पहिल्या पानावर," ती सावकाश म्हणाली. "काय शोधल्यावर, ते मी लिहिलेलं नाही. प्रश्न संदिग्ध असेल तर गुण विद्यार्थ्याला द्यायचे, हा नियम मीच छत्तीस वर्षं लावला." तिने पेन काढून कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं, खाली सही केली आणि तारीख घातली. काकूंनी पदराने डोळे पुसले. गादीवाल्यानेही पुसले, तो मनाने चांगलाच होता.

निघताना ताई दारात थबकली. क्रमांक एककडे बघत राहिली.

"हा कोट कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतोय."

काका सुतळी शोधायला लागले होते.

त्याच आठवड्यात थंड देशातून पहिली चिठ्ठी आली. एका म्हाताऱ्या बाईंची. सल्लागारबाईंनी ती वाचून दाखवली. "तुमचं पान वाचलं. इतका खरा विक्रेता मी पाहिला नाही. मी एकटी असते आणि माझ्या बागेत पाखरं येत नाहीत. तुमच्या बुजगावण्यावर पाचव्या दिवशी बसतात म्हणता. माझं वय पाहता, जरा लवकर बसतील असं एखादं मिळेल का?"

काकांना हसावं की रडावं कळेना. पाखरं ज्याला भीत नाहीत असं बुजगावणं! सव्वीस वर्षांत असं कोणी मागितलं नव्हतं. आठ दिवस ते नुसते कागदावर भुवया काढून खोडत बसले. कुठलीही भुवई काढली की त्यात ताई यायची. मग एका दुपारी त्यांनी मान वर केली. समोर दाजी बिस्किट खात बसले होते. एक चिमणी गुडघ्यावर, एक खांद्यावर.

"दाजी," काका म्हणाले, "जरा असेच बसा. तुमचा हा स्वेटर किती जुना आहे?"

पेंढा टोचतो म्हणून आत कापूस भरायचं ठरलं. तो गादीवाल्याने आणून दिला, आणि भरताना पोटाचा घेर टेपने मोजून दिला.

महिन्याभराने फोटो आला. बर्फाळ बाग, मधे दाजींचा स्वेटर, दाजींचं हसू, आणि वर इतकी पाखरं की टोपी दिसत नव्हती. दाजी फोटो हातात धरून बराच वेळ बघत होते. ताईने तो त्यांच्याकडून घेतला, लांब धरून पाहिला आणि पर्समध्ये ठेवला.

"कितव्या दिवशी बसली?" काकांनी हळूच विचारलं.

बाईंनी चिठ्ठी वाचली. "पहिल्याच दिवशी. अजून दोरी सोडत होते तेव्हा."

काकांचा चेहरा पडला. धंद्याचा माणूस तो. पण दोन्ही हात मात्र आपोआप आडवे झाले, आणि काकूंनी वेळ न दवडता त्यावर ओला टॉवेल टाकला.